अंकुराची वाढ : दादासाहेब फाळके

दादासाहेब फाळके म्हटले की आपल्याला ‘राजा हरिश्चंद्र’ आठवतो. माझी आणि त्यांची खरी ओळख मात्र एका किड्यामुळे झाली, असे सांगितले तर वाचकांना हसू येईल.

गेल्या हिवाळ्यात आमच्या अहमदपूर तालुक्यातील शेतात ज्वारीवर मावा पडला होता. नांदेडला विज्ञान शाखेत शिकणारा माझा मित्र कॅमेरा घेऊन गावी आला. पानावर ढालकिडा बसला होता, त्याचे छायाचित्र त्याला हवे होते. मोठे ऊन असूनही तो फ्लॅश वापरत होता, याचे मला नवल वाटले. त्याने समजावले, की इतक्या जवळून काढताना किड्याची मिशी स्पष्ट आली तर पाठ धूसर येते. दोन्ही स्पष्ट हवे असतील तर भिंगाचे छिद्र बारीक करावे लागते. मग उजेड कमी पडतो, आणि पान तर वाऱ्याने हलते. फ्लॅशचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी काळ टिकतो, म्हणून हलता किडाही जागीच थिजल्यासारखा उमटतो. पहिल्या चित्रात किड्याच्या पाठीवर नुसता पांढरा डाग आला. मग मी फ्लॅशसमोर माझा पांढरा रुमाल धरला. उजेड मऊ झाला आणि पाठीवरचे ठिपके दिसू लागले.

हे पाहून मला कॉलेजच्या ग्रंथालयात वाचलेले फाळके-चरित्र आठवले.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील संस्कृतचे पंडित. मुलाला ओढ चित्रकलेची, म्हणून १८८५ साली ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी छायाचित्रणही शिकून घेतले. गोध्र्यात छायाचित्रकार म्हणून बस्तान बसते न बसते तोच प्लेगने पत्नी व मूल हिरावून नेले. काही वर्षे पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. स्वदेशीच्या वाऱ्यात ती सोडून छापखान्याचा व्यवसाय केला, तोही मतभेदांमुळे सुटला. वयाची चाळिशी आली तरी हातात स्थिर असे काही नव्हते.

१९११ साली गिरगावात त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहिला आणि पडद्यावर आपले राम-कृष्ण आणण्याचा ध्यास घेतला. रात्रंदिवस चित्रपट पाहणे, प्रयोग करणे आणि अपुरी झोप यांमुळे डोळे इतके बिघडले की काही काळ दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली. पुढे विम्याची पॉलिसी तारण ठेवून ते १९१२ साली लंडनला गेले, चित्रपटाचे तंत्र शिकले आणि कॅमेरा विकत घेऊन परतले.

कॅमेरा आला, पण भांडवल नव्हते. नुसत्या शब्दावर पैसे देणार कोण? तेव्हा दादासाहेबांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि समोर कॅमेरा रोखला. ठरावीक अंतराने एकेक चित्र घेत महिन्याहून अधिक काळ त्यांनी हा उद्योग चालवला. अशा कामात कॅमेरा हलून चालत नाही आणि मधेच कंटाळूनही चालत नाही. जेमतेम मिनिटभराच्या त्या चित्रपटात बी फुटताना, रोप वर येताना व वेल चढताना लोकांनी डोळ्यांनी पाहिली. हीच ‘अंकुराची वाढ’. ती पाहून कर्ज देणाऱ्यांचा विश्वास बसला.

फ्लॅश किड्याची चपळ हालचाल थांबवून दाखवतो, तर दादासाहेबांनी रोपाची संथ हालचाल पळवून दाखवली. आपल्या डोळ्यांच्या आवाक्याबाहेरचे दोन्हींत दिसते.

त्या काळी छायाचित्रासाठी चूर्ण पेटवून लखलखाट करीत. पण तो क्षणभराचा, चित्रपटाला काय उपयोगाचा? फिल्मही मंद होती, म्हणून सारी भिस्त उन्हावर. सरस्वतीबाई, त्यांच्या द्वितीय पत्नी, पांढऱ्या चादरी धरून उन्हात तासन्‌तास उभ्या राहत, असे सांगितले जाते. साऱ्या मंडळींचा स्वयंपाक करून त्या फिल्मला छिद्रे पाडीत, ती धुण्याचेही काम करीत. त्यांचे दागिनेही या कामी लागले. माझा रुमाल पाच मिनिटांतच हाताला जड झाला होता!

३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. १९१७ च्या ‘लंकादहन’ने मोठे यश मिळवले. पण बोलपटांचा काळ आला आणि दादासाहेब मागे पडले. १९३७ चा ‘गंगावतरण’ हा त्यांचा शेवटचा चित्रपट. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. १९६९ पासून त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार दिला जातो.

आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. किड्यांचे फोटो काढून पोट भरते का, असे वडिलांनी त्या दिवशी विचारले होते. त्यांच्या दृष्टीने पिकावरचा प्रत्येक किडा शत्रू, आणि फवारणीचा पंप भरून तयार होता. मी त्यांना ते छायाचित्र दाखवले. त्यात ढालकिडा मावा खात होता. वडील बराच वेळ पाहत राहिले. त्या दिवशी पंप तसाच बाजूला राहिला.

वाटाण्याच्या एका दाण्यावर दादासाहेबांनी लोकांचा विश्वास कसा मिळवला असेल, ते मला तेव्हा उमगले. त्या थोर कलावंतास आणि चादर धरून उन्हात उभ्या राहिलेल्या सरस्वतीबाईंस माझे विनम्र अभिवादन.

— बी. ए. द्वितीय वर्ष