रंगांचे वेडे शांतारामबापू

आपल्या करमाडात ‘नवरंग’चा विषय निघाला, की वडीलधाऱ्या भगिनी आजही हरखून जातात. त्या रंगांच्या उधळणीमागे एक मोठे दुखणे होते, हे मात्र थोड्याच जणींना ठाऊक असेल.

कै. व्ही. शांताराम, म्हणजे शांताराम राजाराम वणकुद्रे, यांचा जन्म १९०१ सालचा, कोल्हापूरचा. बाबूराव पेंटर यांच्या हाताखाली ते शिकले आणि १९२९ मध्ये चार सहकाऱ्यांसह त्यांनी ‘प्रभात’ काढली. १९३३ च्या ‘सैरंध्री’साठी त्यांनी थेट जर्मनी गाठली, पण रंग मनासारखे उतरले नाहीत. ती हौस फिटली १९५५ साली, राजकमलच्या ‘झनक झनक पायल बाजे’ने.

मग ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये बैलाशी झुंज देताना त्यांच्या डोळ्यांना इजा झाली. डोळ्यांवर पट्टी, आणि दृष्टी परत येते की नाही याची धास्ती! रंगांवर जीव टाकणाऱ्याला याहून कठीण शिक्षा कोणती? पण त्या काळोखातच त्यांना नवे रंग दिसू लागले. दृष्टी परतली आणि १९५९ मध्ये ‘नवरंग’ आला. कथा साधीच, कवी आपल्या पत्नीतच स्वप्नातली मोहिनी पाहतो. खरे सांगायचे तर, पतिपत्नींचा रुसवा जरा ताणलेलाच वाटतो. पण होळीच्या नृत्यात संध्याबाई एकट्याच स्त्री आणि पुरुष दोन्ही होतात, हत्तीही ठुमकतो, तेव्हा तक्रार कुठली उरते!

पुढे १९७२ च्या ‘पिंजरा’ने हे रंग मराठीत आणले. १९९० साली, वयाच्या ८८ व्या वर्षी, शांतारामबापू निवर्तले.