रॉबर्ट ब्राउन

कांद्याचा पातळ पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पाहिला, म्हणजे बहुतेक प्रत्येक पेशीत एक वाटोळा ठिपका दिसतो. त्यास केंद्रक म्हणतात. या ठिपक्यास 'न्यूक्लिअस' हे नाव देणारे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांचे अल्प चरित्र आम्ही येथे वाचकांस सादर करीत आहोत.

ब्राउन यांचा जन्म ता. २१ डिसेंबर १७७३ रोजी स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरील माँट्रोझ गावी झाला. त्यांचे वडील धर्मोपदेशक होते. एडिंबरो येथे ब्राउन यांनी वैद्यकाचा अभ्यास केला. परंतु पदवी न घेताच ते पलटणीत साहाय्यक सर्जन झाले. त्यांचे चित्त मात्र वनस्पतींतच गुंतलेले होते. सर जोसेफ बँक्स यांच्या साहाय्याने १८०१ साली ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याची पाहणी करण्यास निघालेल्या 'इन्व्हेस्टिगेटर' जहाजावर त्यांस जागा मिळाली. १८०५ साली ते हजारो नमुने घेऊन परतले. तत्पूर्वी मायदेशी पाठविलेले कित्येक उत्तम नमुने १८०३ साली जहाज फुटून समुद्रास मिळाले होते. पुढे १८१० साली त्यांनी स्वखर्चाने छापलेल्या ग्रंथाच्या प्रती अगदीच थोड्या खपल्या. तथापि त्यांनी कामात खंड पडू दिला नाही.

१८२७ साली क्लार्किया नावाच्या फुलाच्या परागातील अतिसूक्ष्म कण पाण्यात घालून ते पाहत असता, ते कण अविश्रांत थरथरत आहेत असे त्यांस दिसले. ही चैतन्याचीच खूण असावी, असे त्यांस प्रथम वाटले. एवढ्यावर थांबून आपला शोध जाहीर करण्याचा मोह दुसऱ्या कोणासही झाला असता! ब्राउन यांनी मात्र आपल्याच तर्काची परीक्षा घेतली. वर्षानुवर्षे वाळलेल्या वनस्पती, काच, दगड, इतकेच नव्हे तर मिसर देशातील स्फिंक्सच्या मूर्तीचा एक तुकडा, यांचेही चूर्ण त्यांनी पाण्यात टाकून पाहिले. निर्जीव कणही तसेच नाचत होते. तेव्हा ही गती जीवाची खूण होय हा आवडता तर्क त्यांनी सोडून दिला.

चार वर्षांनी, १८३१ साली, ऑर्किडच्या पेशी तपासताना त्यांस प्रत्येकीत तो वाटोळा ठिपका आढळला. इतरांनी तो पूर्वी पाहिला होता, हेही त्यांनी मोकळेपणाने नमूद केले. त्याचे कार्य काय, हे मात्र त्या काळी कोणासच ठाऊक नव्हते.

ता. १० जून १८५८ रोजी लंडन येथे ब्राउन यांचे देहावसान झाले. कणांच्या नृत्याचे कारण १९०५ साली आइन्स्टाइन यांनी सांगितले: पाण्याचे अदृश्य रेणू सतत धडका देत असल्यामुळे कण हालतात. पुढे केंद्रकाच्या आवरणास असंख्य छिद्रे आहेत, असेही आढळून आले. आता गंमत पाहा. लहान रेणू याच स्वैर गतीने त्या छिद्रांतून केंद्रक व पेशीद्रव यांमध्ये ये-जा करितात. मोठ्या प्रथिनांस मात्र अंगी विशिष्ट खूण असावी लागते. ती ओळखणारी वाहक प्रथिने त्यांस आत नेतात. केंद्रकात तयार झालेले आरएनएचे संदेशही वाहकांच्या साह्यानेच बाहेर पडतात. ही ने-आण योग्य दिशेने व्हावी म्हणून पेशीस शक्ती खर्चावी लागते.

अशा रीतीने ब्राउन यांनी निरनिराळ्या वेळी पाहिलेल्या दोन गोष्टींची सांगड त्यांच्या मागून पडली. दिसले तेवढेच त्यांनी लिहिले, म्हणून ते टिकले. विद्यार्थिमित्रांनो, उत्तर चुकले असता ते खोडून पुन्हा मांडण्यास आपण लाजतो. परंतु आपली चूक आपणच शोधून काढणे हाच ज्ञानमंदिराचा दरवाजा होय, असे आम्हांस वाटते.