वालचंद हिराचंद : मोटार इथेच बनवण्याचा ध्यास

पावसाळा तोंडावर आला की जुनी फियाट किंवा प्रीमियर पद्मिनी सांभाळणाऱ्या माणसाला पहिली काळजी वायपरची असते. वर्षभर त्याला काम नसते आणि नेमक्या धो धो पावसात तो दोन फेऱ्या मारतो, थांबतो, पुन्हा हलतो आणि काचेच्या मधोमध अडकतो. हल्लीच्या गाड्यांत रिमझिम पावसासाठी ठरावीक वेळाने थांबून चालणारा वायपर असतो. त्याचे इलेक्ट्रॉनिक तंत्र अमेरिकेतील रॉबर्ट कर्न्स यांनी 1960 च्या दशकात तयार केले. जुन्या फियाटला ती सोय नव्हती. तिचा वायपर थांबत थांबत चालत असेल तर तो बिघाडच समजायचा.

दुरुस्ती मात्र मिस्त्रीच्या हातातली असते. मोटर उघडायची, झिजलेले कार्बन ब्रश बदलायचे, कम्युटेटर साफ करायचा, सुकलेले ग्रीस काढून दांड्यांच्या सांध्यांना नवे भरायचे, आणि बॉडीला जोडलेली अर्थची तार गंज खरवडून घट्ट बसवायची. एवढ्याने बहुतेक वेळा काम होते. पन्नास वर्षांची गाडी गल्लीतल्या गॅरेजात सुधारता येते, कारण तिचे सुटे भाग या देशात बनले आणि ते हाताळणारे कारागीरही इथेच तयार झाले. मोटार नुसती इथे जोडायची नाही तर इथे बनवायची, या हट्टापायी ज्यांनी आयुष्याची अनेक वर्षे घालवली त्यांत वालचंद हिराचंद यांचे नाव पहिल्या ओळीत येते.

आपल्या मंडळाच्या वाचकांना त्यांचे चरित्र आणखी एका कारणाने जवळचे वाटावे. आपण महाराष्ट्रातून येऊन सुरतेत स्थिरावलो. वालचंदांचे दोशी घराणे उलट दिशेने गेले. ते मूळचे सौराष्ट्रातील वांकानेरचे, दिगंबर जैन, आणि व्यापारासाठी सोलापुरात येऊन राहिलेले. 23 नोव्हेंबर 1882 रोजी वालचंदांचा जन्म सोलापुरातच झाला. वडील हिराचंद नेमचंद दोशी हे कापसाचे व्यापारी आणि समाजातील मान्यवर गृहस्थ होते.

शाळा सोलापुरात झाली. पुढे मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज अशी दोन कॉलेजे झाली, पण पदवी हाती न घेताच वालचंद घरच्या व्यवसायात आले. पेढीवर बसून भाव बघण्यात त्यांचे मन रमेना. त्याच सुमारास लक्ष्मणराव फाटक या रेल्वेतील माजी कारकुनाशी त्यांची ओळख झाली. फाटकांना रेल्वेच्या कामाची माहिती होती, वालचंदांकडे भांडवल आणि धाडस होते. दोघांनी भागीदारी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या एका छोट्या कामापासून ठेकेदारी सुरू झाली. गुजराती घरातला तरुण आणि मराठी कारकून यांची ही जोडी पुढे मोठमोठी कामे घेऊ लागली. बोरघाटातील रेल्वेचे बोगदे आणि मुंबईला पाणी पुरवणारी तानसाची जलवाहिनी ही वालचंदांच्या कंपन्यांनी केलेली कामे. 1926 साली त्यांनी हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी स्थापन केली.

दरम्यान त्यांचे लक्ष समुद्राकडे वळले होते. सुरतकरांना या विषयाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. एकेकाळी तापीकाठच्या या बंदरातून अरबस्तानापर्यंत जहाजे जात. सुरतेचेच लवजी नसरवानजी वाडिया 1736 मध्ये मुंबईला गेले आणि तिथे त्यांनी जहाजबांधणीचा पाया घातला. नंतरच्या काळात आगबोटी आल्या, ब्रिटिश कंपन्यांनी मार्ग ताब्यात घेतले आणि देशी जहाजे मागे पडली. पहिले महायुद्ध संपल्यावर ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांची लॉयल्टी नावाची आगबोट विकाऊ असल्याचे वालचंदांना कळले. युद्धात तिचा रुग्णालय म्हणून उपयोग झाला होता. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास यांच्या साथीने ती विकत घेतली गेली आणि सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी राहिली. 5 एप्रिल 1919 रोजी ही बोट मुंबईहून लंडनला निघाली. म्हणूनच 5 एप्रिल हा आपल्याकडे राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

ब्रिटिश कंपन्यांनी भाडी पाडून सिंदियाला जेरीस आणले. 1923 मध्ये करार झाला, पण त्यात कंपनीला मुख्यतः किनारी मालवाहतुकीवर समाधान मानावे लागले. 1929 मध्ये नरोत्तम मोरारजींच्या निधनानंतर वालचंद अध्यक्ष झाले आणि ती जबाबदारी त्यांनी वीसेक वर्षे सांभाळली.

खानदेशातून आलेल्या सभासदांना त्यांचे आणखी एक काम माहीत असेल. मालेगाव तालुक्यातील रावळगाव येथे त्यांनी माळरान विकत घेतले, जमीन सुधारली आणि 1930 च्या दशकात साखर कारखाना उभारला. रावळगावच्या गोळ्या आणि चॉकलेटे ज्यांच्या लहानपणी खिशात असत, त्यांना हे नाव विसरता येणार नाही. इंदापूर तालुक्यातील कळंब येथेही ऊस आणि साखर कारखान्याभोवती एक पूर्ण वसाहत तयार झाली. तिला आज वालचंदनगर म्हणतात.

आता मोटारीकडे येऊ. 1930 च्या दशकात हिंदुस्थानात मोटारी दिसत, पण त्या परदेशी कंपन्यांच्या असत. जनरल मोटर्सने 1928 पासून मुंबईत गाड्या जोडायला सुरुवात केली होती. सुटे भाग पेट्यांतून यायचे, इथे बोल्ट आवळले जायचे आणि नफा परत जायचा. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी देशात मोटार कारखाना काढण्याची योजना तयार केली आणि वालचंदांनी ती उचलून धरली. बाळासाहेब खेर यांच्या मुंबई सरकारने मदतीची तयारी दाखवली, पण 1939 मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि तो आधार गेला. वालचंद अमेरिकेला गेले. फोर्ड आणि जनरल मोटर्सशी जमले नाही. अखेर क्रायसलरशी करार झाला. म्हैसूर संस्थानात बंगळुरूला कारखाना काढण्याचा विचार होता, पण युद्धाचे कारण पुढे करून हिंदुस्थान सरकारने परवानगी नाकारली.

याच अमेरिकेच्या फेरीत, परतीच्या विमानप्रवासात, त्यांना विल्यम पॉली हे विमान व्यवसायातील अमेरिकी गृहस्थ भेटले. मोटारीचा करार करायला गेलेला माणूस विमान कारखान्याची कल्पना घेऊन परतला. डिसेंबर 1940 मध्ये म्हैसूर सरकारच्या भागीदारीत बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी सुरू झाली. तिचीच पुढे एच.ए.एल. झाली. पण 1942 मध्ये युद्धाच्या गरजेपोटी सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना ताब्यात घेतला. विशाखापट्टणमच्या जहाज कारखान्याचेही शेवटी असेच झाले. 21 जून 1941 रोजी राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. 1948 मध्ये जलउषा हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले, आणि 1952 मध्ये आर्थिक अडचणींमुळे कारखाना सरकारच्या नियंत्रणात गेला.

मोटारीचे काम मात्र त्यांनी सोडले नाही. 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी नोंदवली गेली. मुंबईत कुर्ल्याला कारखाना उभा राहिला आणि 1947 च्या मार्चमध्ये, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, पहिले वाहन बाहेर पडले. सुरुवातीच्या डॉज आणि प्लिमथ गाड्या बऱ्याच अंशी आणलेल्या भागांचीच जोडणी होती, हे मान्य केले पाहिजे. एकेक भाग इथे बनवत जाणे हे नंतरचे आणि कष्टाचे काम होते. पुढे इटलीच्या फियाटशी संबंध जुळला आणि 1954 पासून फियाट 1100 कुर्ल्यात तयार होऊ लागली. तिलाच 1970 च्या दशकात प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले.

फियाट 1100 पाहायला वालचंद राहिले नाहीत. 1949 मध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. 1950 मध्ये त्यांनी कामकाजातून निवृत्ती घेतली. बंधूंनी उद्योगांचा भार उचलला आणि पत्नी कस्तुरबाईंनी अखेरपर्यंत त्यांची शुश्रूषा केली. 8 एप्रिल 1953 रोजी उत्तर गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. सोलापुरात जन्मलेल्या या माणसाचा शेवट पूर्वजांच्या गुजरातेत झाला. त्याच वर्षी सरकारने ठरवले की जी कंपनी देशात उत्पादन करण्याचा कार्यक्रम देईल तिलाच पुढे परवानगी मिळेल. फोर्ड आणि जनरल मोटर्स यांनी आपली जोडणी बंद केली. वालचंदांनी ज्याचा आग्रह धरला होता तेच धोरण झाले.

या धोरणाची दुसरी बाजूही होती. स्पर्धा नसल्यामुळे गाड्यांत फारशी सुधारणा झाली नाही आणि गाडीसाठी लोकांना वर्षानुवर्षे थांबावे लागले. त्याचबरोबर सुटे भाग बनवणारे शेकडो छोटे कारखाने आणि गावोगावचे मिस्त्रीही याच काळात तयार झाले. आजच्या मोटार उद्योगाने या दोन्ही गोष्टींचा वारसा घेतला आहे.

सांगलीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला 1955 पासून वालचंदांचे नाव आहे. तिथून बाहेर पडलेले अभियंते आपल्या सुरत-हजीरा भागातही भेटतात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतील शेवटची पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. हौसेने जपलेल्या गाड्या अजून काही घरांत आहेत. आपल्या मुलांना त्या दाखवताना बॉनेट उघडून दाखवावे, आणि ती गाडी ज्या कारखान्यात बनली तो कुर्ल्याचा कारखाना उभा राहायला किती वर्षे आणि किती नकार लागले, तेही सांगावे.