समजून घ्या : पुण्यावर हुकूम कुणाचा? राजाच्या कोर्टाला नडलेले गव्हर्नर माल्कम

महाबळेश्वरच्या बाजारपेठेला माल्कमपेठ हे नाव ज्यांच्यावरून मिळाले, त्या सर जॉन माल्कम यांनी गव्हर्नर असताना थेट मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचा हुकूम रोखला होता. काय होता हा वाद?

माल्कम कोण होते?
जन्म 1769, स्कॉटलंड. जेमतेम 13 वर्षांचे असताना ते ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यात मद्रासला आले. पुढे इराणमध्ये कंपनीचे वकील झाले. डिसेंबर 1817 मध्ये महिदपूरला होळकरांविरुद्ध लढले. जून 1818 मध्ये दुसरे बाजीराव त्यांनाच शरण आले. त्यांनी पेशव्यांना वर्षाला 8 लाखांचा तनखा कबूल केला. 1827 मध्ये ते मुंबईचे गव्हर्नर झाले.

वाद कशावरून पेटला?
तेव्हा न्यायव्यवस्था दुहेरी होती. मुंबई बेटावर इंग्लंडच्या राजाचे सुप्रीम कोर्ट, तर बाहेरच्या मुलखात कंपनीच्या अदालती. दख्खनच्या सरदारांना या अदालतींपासूनही खास सवलत होती.

1828 मध्ये पुण्यातील मोरो रघुनाथ या अल्पवयीन मुलाला त्याचे पालक, सरदार पांडुरंग रामचंद्र यांनी डांबून ठेवल्याची तक्रार सुप्रीम कोर्टात गेली. मुलाला हजर करा, असा हेबियस कॉर्पसचा हुकूम निघाला. सरदारांना दिलेला शब्द मोडेल आणि कंपनीचा वचक जाईल, असे म्हणत माल्कम यांनी अंमलबजावणी रोखली. दोन न्यायाधीशांचे त्याच वर्षी निधन झाले. एकटे उरलेले न्या. जॉन पीटर ग्रँट यांनी एप्रिल 1829 मध्ये कोर्टच बंद केले.

निकाल काय लागला?
लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने 1829 मध्ये ग्रँट यांच्याविरुद्ध मत दिले. माल्कम जिंकले. 1830 मध्ये ते मायदेशी जायला निघाले आणि 1833 मध्ये लंडनमध्ये वारले.

सामान्यांना काय फरक पडला?
माल्कम यांनी सरदारांचा मान राखला, पण त्याची किंमत रयतेनेही मोजली. इंदापूर तालुक्यातील अंथुर्णेसारख्या गावात एखाद्याला बेकायदा कोंडले, तरी त्याच्यासाठी मुंबईच्या सुप्रीम कोर्टाचे दार बंद झाले. 1862 मध्ये मुंबई हायकोर्ट आले आणि राजाचे कोर्ट व कंपनीची सदर अदालत एकत्र झाली. आज राज्यघटनेच्या कलम 226 मुळे अंथुर्णेच्या रहिवाशालाही हेबियस कॉर्पससाठी थेट हायकोर्टात जाता येते.