रेव्हरंड नारायण वामन टिळक

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात टिळकांची ओळख बहुधा ‘फुलांमुलांचे कवी’ एवढीच करून दिली जाते. त्यामुळे त्यांच्या आयुष्यातील खरा संघर्ष नजरेआड होतो. रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे ६ डिसेंबर १८६१ रोजी जन्मलेल्या या चित्पावन ब्राह्मणाला संस्कृत पांडित्य, वक्तृत्व आणि कवित्व यांमुळे लौकिकाची वाट मोकळी होती. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि ती वाट बंद झाली. आप्तेष्ट दुरावले, पत्नी लक्ष्मीबाईही काही वर्षे वेगळ्या राहिल्या व १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने ख्रिस्ती झाल्या.

येथे एक गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावी. टिळकांचा अधिक अवघड त्याग धर्मांतराच्या वेळचा नव्हे, उतारवयातला आहे. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांना वेतन होते, मान होता, ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन हाती होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि निर्वाहाचा भार ईश्वरावर टाकून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारण्याचा प्रयत्न आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेले व न घेतलेले असे दोन्ही ख्रिस्तानुयायी त्यात यावेत, ही त्यांची कल्पना. पगारी धर्मसेवा या मातीत रुजणार नाही, असे त्यांना वाटे. ही वृत्ती संतपरंपरेतून, विशेषतः तुकारामांकडून, त्यांच्याकडे आली होती. संसाराची झळ मात्र लक्ष्मीबाईंना सोसावी लागली, हे ‘स्मृतिचित्रे’ वाचताना जाणवते.

दरबार स्थिरावण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्यही अपुरेच होते. ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले.