कारेल पेशेक

कारेल पेशेक ऊर्फ काद्या (इ.स. १८९५ – इ.स. १९७०) हे चेक फुटबॉलपटू व आइस हॉकीपटू होते. स्पार्टा प्राग या क्लबचे आणि चेकोस्लोव्हाकियाच्या राष्ट्रीय संघाचे ते सेंटर हाफ व कर्णधार होते. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये त्यांनी दोन्ही खेळांत भाग घेतला. आइस हॉकीत त्यांच्या संघाला कांस्यपदक मिळाले. फुटबॉलमध्ये मात्र अंतिम फेरी गाठूनही संघ पदकाविना परतला.

== नाव व पार्श्वभूमी ==
काद्या हे कारेल या नावाचे घरगुती रूप आहे. प्रेक्षकांत हेच नाव इतके रुळले, की पुढे ते आडनावाला जोडून पेशेक-काद्या असे लिहिले जाऊ लागले. संघांच्या जुन्या याद्यांत अनेकदा नुसते काद्या एवढेच आढळते.

पेशेक यांचा जन्म झाला तेव्हा बोहेमिया ऑस्ट्रिया-हंगेरी साम्राज्याचा भाग होता. बोहेमियाचा स्वतंत्र फुटबॉल संघ काही काळ आंतरराष्ट्रीय सामने खेळत असे. परंतु ऑस्ट्रियाच्या दबावामुळे १९०८ मध्ये त्याचे फिफाचे सदस्यत्व गेले. त्यामुळे पेशेक यांच्या पिढीतील चेक खेळाडूंना क्लबकडून खेळण्यावरच समाधान मानावे लागले. २८ ऑक्टोबर १९१८ रोजी चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी पॅरिस येथे दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांसाठी भरलेल्या स्पर्धेत चेकोस्लोव्हाक संघाने अंतिम सामन्यात फ्रान्सला ३–२ असे हरवले. नव्या देशाचे नाव अनेक युरोपीय वाचकांनी प्रथम वाचले ते क्रीडावृत्तांतच.

== लोखंडी स्पार्टा ==
पहिल्या महायुद्धानंतरची काही वर्षे स्पार्टाचा संघ 'लोखंडी स्पार्टा' म्हणून ओळखला जातो. १९१९ ते १९२३ या काळात प्रशिक्षक जॉन डिक होते. ते मूळचे स्कॉटिश व पूर्वीचे वूलिच आर्सेनलचे खेळाडू. प्रतिस्पर्धी स्लाव्हिया क्लबलाही जॉन मॅडन हे स्कॉटिश प्रशिक्षक लाभले होते. चेंडू उंच व लांब मारण्याऐवजी जमिनीलगत छोटे पास देत पुढे सरकण्याची प्रागची खेळपद्धती या दोघांच्या शिकवणुकीतून घडली, असे सामान्यतः मानले जाते. त्या वर्षांत खेळाचे वेड किती पसरले होते याची साक्ष एदुआर्द बास यांच्या १९२२ मधील 'क्लाप्झुबोव्हा येदेनाक्त्का' या विनोदी कादंबरीत मिळते. अकरा भावांच्या फुटबॉल संघाची ती कथा चेक वाचक आजही वाचतात.

या संघाचा कणा म्हणजे कोलेनाती, पेशेक व चेर्व्हेनी ही मधली फळी.

== खेळातील स्थान ==
पेशेक यांची नोंद काही ठिकाणी बचावपटू, तर काही ठिकाणी मधल्या फळीतील खेळाडू अशी आढळते. हा घोळ नोंद करणाऱ्यांचा नाही. त्यांच्या काळची संघरचनाच वेगळी होती. तेव्हा संघ दोन बॅक, तीन हाफ व पाच फॉरवर्ड अशा रचनेत उभा राही. तिघा हाफपैकी मधला, म्हणजे सेंटर हाफ, प्रतिपक्षाच्या मुख्य आक्रमकाला अडवी आणि चेंडू हाती लागताच स्वतःच्या आघाडीला पासही पुरवी. मैदानावर सर्वाधिक धावपळ त्याच्याच वाट्याला येई, आणि खेळाची गतीही तोच ठरवी.

१९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. आक्रमक खेळाडू व गोलरेषा यांच्यामध्ये पूर्वी प्रतिपक्षाचे तीन खेळाडू असणे आवश्यक होते, ते आता दोन पुरू लागले. इंग्लंडमध्ये याचा परिणाम म्हणून सेंटर हाफला मागे खेचून दोन बॅकच्या मध्ये उभे करण्यात आले आणि तो निव्वळ बचावपटू झाला. मध्य युरोपातील संघांनी मात्र जुनी पद्धत आणखी बरीच वर्षे टिकवली. पेशेक यांची कारकीर्द या स्थित्यंतराच्या दोन्ही बाजूंना पसरलेली असून ते अखेरपर्यंत जुन्या अर्थानेच सेंटर हाफ राहिले. आजच्या कोष्टकात त्यांना बसवणे म्हणूनच अवघड जाते.

== अँटवर्प, १९२० ==
या ऑलिंपिकमधील आइस हॉकीचे सामने उन्हाळी स्पर्धांच्या बरेच आधी, एप्रिलमध्ये झाले. बोहेमियाने युद्धापूर्वी दोनदा युरोपीय अजिंक्यपद जिंकले होते, तरी समुद्रापलीकडून आलेल्या संघांपुढे चेकोस्लोव्हाक संघाचा निभाव लागला नाही. कॅनडाने १५–० व अमेरिकेने १६–० असा पराभव केला. परंतु स्पर्धेच्या चमत्कारिक रचनेमुळे कांस्यपदकासाठी स्वीडनशी सामना झाला आणि योसेफ श्रोउबेक यांच्या एकमेव गोलावर तो १–० असा जिंकला गेला. तीन सामन्यांत ३१ गोल स्वीकारून व एकच करून पदक मिळवणारा हा संघ ऑलिंपिकच्या इतिहासात एकमेवाद्वितीय म्हणावा असाच आहे. पेशेक या संघात होते.

ऑगस्टच्या अखेरीस ते फुटबॉल संघाचे कर्णधार म्हणून त्याच शहरात परतले. भारताचा पहिला ऑलिंपिक चमू याच स्पर्धेत उतरला होता. धावपटू फडेप्पा चौगुले व मल्ल रणधीर शिंदे हे त्यातील खेळाडू होत. फुटबॉलमध्ये २८ ऑगस्ट रोजी चेकोस्लोव्हाकियाने युगोस्लाव्हियावर ७–० अशी मात केली. राष्ट्रीय संघाचा हा पहिला अधिकृत सामना होय. दुसऱ्या दिवशी नॉर्वेचा ४–० व ३१ ऑगस्टला उपांत्य फेरीत फ्रान्सचा ४–१ असा पराभव झाला. चार दिवसांत १५ गोल करणारा हा संघ सुवर्णपदकाचा प्रबळ दावेदार ठरला.

अंतिम सामना २ सप्टेंबर रोजी यजमान बेल्जियमशी झाला. पंच जॉन लुईस हे ६५ वर्षांचे इंग्लिश गृहस्थ होते. १९०८ च्या ऑलिंपिक अंतिम सामन्यातही तेच पंच होते. सहाव्या मिनिटाला रोबेर कोपे यांनी पेनल्टीवर, तर तिसाव्या मिनिटाला आंरी लार्नो यांनी बेल्जियमसाठी गोल केले. दोन्ही गोलांना चेक खेळाडूंचा आक्षेप होता. चाळिसाव्या मिनिटाच्या सुमारास लुईस यांनी बॅक कारेल श्टायनर यांना मैदानाबाहेर काढले. त्यानंतर पेशेक यांचा संपूर्ण संघ खेळ सोडून निघून गेला. सामना मध्यंतरापर्यंतही पोहोचला नाही.

चेकोस्लोव्हाकियाने लेखी तक्रार केली. पंचांचे निर्णय एकतर्फी होते, दोन्ही रेषापंचही इंग्लिशच होते आणि मैदानाभोवती बेल्जियन सैनिक उभे असल्याने मोकळेपणाने खेळणे अशक्य झाले, असे तिचे मुख्य मुद्दे होते. तक्रार फेटाळली गेली. बेल्जियमला सुवर्णपदक मिळाले व चेकोस्लोव्हाक संघ अपात्र ठरला. उरलेल्या पदकांसाठी इतर संघांत सामने होऊन रौप्य स्पेनला व कांस्य नेदरलँड्सला मिळाले. तक्रारीत तथ्य किती होते याविषयी एकमत नाही. 

== नंतरची कारकीर्द ==
१९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चेकोस्लोव्हाकियाने तुर्कस्तानला ५–२ असे हरवले. पुढच्या फेरीत स्वित्झर्लंडशी १–१ अशी बरोबरी झाली आणि फेरसामना ०–१ असा गमावला. १९२५ मध्ये देशात व्यावसायिक लीग सुरू झाली व पेशेक यांच्या पिढीतील प्रमुख खेळाडूंसाठी ऑलिंपिकचे दार बंद झाले. १९२८ च्या स्पर्धेत चेकोस्लोव्हाकियाचा फुटबॉल संघ उतरलाच नाही.

व्यावसायिक काळात स्पार्टाने १९२६ व १९२७ मध्ये लीग जिंकली. १९२७ मध्येच मध्य युरोपीय क्लबांसाठी मित्रोपा चषक सुरू झाला. पहिल्या अंतिम लढतीत स्पार्टाने प्रागमध्ये रापिड व्हिएन्नाला ६–२ असे नमवले. व्हिएन्नातील परतीचा सामना १–२ असा गमावूनही एकूण ७–४ अशा फरकाने चषक प्रागला गेला. त्या दुसऱ्या सामन्यात प्रेक्षकांचा संताप अनावर होऊन दंगा उसळला. पराभवाच्या क्षणी भडकलेले परके मैदान पेशेक यांना नवीन नव्हते. या वेळी मात्र त्यांचा संघ अखेरची शिट्टी होईपर्यंत खेळला.

राष्ट्रीय संघाकडून पेशेक १९३१ पर्यंत खेळले. १९३४ च्या विश्वचषकात चेकोस्लोव्हाकियाने अंतिम फेरी गाठली, तेव्हा सेंटर हाफच्या जागी श्टेफान चांबाल होते.

ऑलिंपिक फुटबॉलमधील चेकोस्लोव्हाकियाचे पहिले पदक १९६४ मध्ये टोकियो येथे आले. ते रौप्यपदक होते. त्यानंतर सहा वर्षांनी, १९७० मध्ये, पेशेक यांचे निधन झाले.