पुस्तकं मिळेनात, तेव्हा ती वाचणारी बाई : बार्बरा ख्रिश्चन

सत्तरच्या दशकात अमेरिकेत कृष्णवर्णीय लेखिकांची कादंबरी वर्गात शिकवायची म्हटलं, तर आधी पुस्तकच मिळायचं नाही. पॉल मार्शल यांची १९५९ ची पहिली कादंबरी घ्या. चांगली, पण बरीच वर्षं बाजारात नव्हती. पुन्हा छापली गेली ती १९८१ मध्ये. अशा पुस्तकांना विद्यापीठात जागा मिळवून देण्यात बार्बरा ख्रिश्चन यांचा वाटा मोठा.

जन्म १९४३ चा, कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावरचा. शिक्षणासाठी अमेरिकेत आल्या, १९७० मध्ये कोलंबिया विद्यापीठाची पीएचडी मिळवली. त्याच काळात न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात गरीब कृष्णवर्णीय आणि पोर्तो रिकन घरांतल्या मुलांना शिकवत होत्या. पुढे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात आल्या. तिथे १९७८ मध्ये कायम झालेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला प्राध्यापक.

१९८० मध्ये त्यांचा मोठा ग्रंथ आला. १८९२ ते १९७६ पर्यंतच्या कृष्णवर्णीय स्त्री-कादंबरीकारांची ही परंपरा त्यात सलग मांडली होती. आज टोनी मॉरिसन आणि ॲलिस वॉकर ही नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. पण तेव्हा वॉकर यांची ‘द कलर पर्पल’ यायची होती, आणि मॉरिसन यांचं नोबेल तेरा वर्षं लांब होतं. बक्षिसं मिळाल्यावर कौतुक करायला सगळेच येतात.

१९८७ मध्ये त्यांनी ‘द रेस फॉर थिअरी’ हा लेख लिहिला. नावातच मेख आहे, कारण इंग्रजीत ‘रेस’ म्हणजे शर्यतही आणि वंशही. समीक्षक अवघड परिभाषेत एकमेकांसाठीच लिहीत बसलेत आणि पुस्तकं वाचायची राहून जातायत, ही त्यांची तक्रार. आपली माणसं विचार करत आलीच आहेत, फक्त गोष्टींतून, कोड्यांतून, म्हणींतून, असं त्यांचं म्हणणं. सिद्धान्तालाच त्यांचा विरोध आहे, अशी टीका झाली. ती थोडी अन्यायाचीच. त्यांचा राग सक्तीवर होता.

१९९६ मध्ये नॉर्टनचा आफ्रिकन-अमेरिकन साहित्याचा जाडजूड संग्रह निघाला, त्याच्या संपादकांत त्या होत्या. कर्करोगाने २५ जून २००० रोजी, ५६ व्या वर्षी त्या गेल्या. शेवटच्या पंधरा वर्षांतले त्यांचे लेख पुस्तकरूपाने आले, ते २००७ मध्ये.